आवंढा

जेवताना कुणाला ठसका लागला की आमच्या घरात एक जण टाळूवर थोपटत असे, दुसरा "वर बघ, वर बघ" म्हणत असे आणि कोणी आठवण काढली असावी यावर पंक्तीत थोडी चर्चा होत असे. (उचकी लागली तरी हीच चर्चा होई, आठवण काढणाऱ्यांना घसा आणि छाती यांतला फरक कळत नसावा.) घास गिळणे ही शिकण्याची गोष्ट असू शकते, असे मात्र आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आले नव्हते. ते आले तीन वर्षांपूर्वी, अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा.

हातापायांत हळूहळू बळ आले, बोलणेही उमजू लागले. पण चमचाभर पाणी दिले की अण्णा कासावीस होत, त्यामुळे नाकातून पोटात सोडलेली नळी काही निघेना. मग गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण बाई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अण्णांच्या गळ्यावर चार बोटे अलगद आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "आजोबा, आवंढा गिळा." नंतर त्यांनी मलाही माझ्या गळ्यावर तसेच करायला लावले. कंठमणी बोटांखालून टुणकन वर सरकला, निमिषभर तिथे थांबला आणि खाली आला. अण्णांचा मात्र अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परतत होता. आपल्या गळ्यात दिवसभर असा पाळणा हलत असतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळले.

घसा हा खरे तर अडचणीचा चव्हाटा आहे. नाकातून आलेली हवा पुढच्या श्वासनलिकेत जायची असते आणि तोंडातून आलेला घास मागच्या अन्ननलिकेत, म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. अन्नाचा प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो, या विचित्र व्यवस्थेबद्दल चार्ल्स डार्विनने १८५९ सालीच आश्चर्य नोंदवून ठेवले आहे. जिभेने घास मागे लोटला की मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली आडोशाला जाते, त्याच्यावरचे पानाच्या आकाराचे झाकण मागे कलते, स्वरतंतू घट्ट मिटतात, श्वास थांबतो आणि एरवी आवळून बसलेले अन्ननलिकेचे तोंड सैल होते. आणि हे सारे साधारण एका सेकंदात उरकते. पुढचा सुमारे २५ सेंटीमीटरांचा प्रवास नळीच्या आकुंचनाच्या लाटेवर होतो, त्यामुळे शीर्षासनातही घास पोटाकडेच जातो.

यातले एखादे दार चुकले की काय होते, याचा सौम्य अनुभव चहा पिताना हसू फुटल्यावर नाक झोंबलेल्या प्रत्येकाला असतो. आजीच्या पिढीला त्याचे भयंकर रूप ठाऊक होते. घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरून श्वास कोंडतो, हे तर होतेच. पण त्यातून वाचलेल्या मुलाच्याही टाळूचे स्नायू त्या जंतूच्या विषाने लुळे पडत आणि प्यायलेले पाणी नाकावाटे परत येई. त्रिगुणी लसीमुळे तो शब्द आता घरात क्वचितच ऐकू येतो.

आम्हाला सर्वांत चकवले ते पाण्याने. आजारी माणसाला पाणी आणि पातळ पेज द्यावी, हे आमचे घरगुती शहाणपण इथे सपशेल उलटे ठरले. पाणी वेगाने धावते आणि मंदावलेल्या घशाची दारे मिटण्याआधीच श्वासनलिकेच्या तोंडाशी पोहोचते. त्यापेक्षा दाट नाचणीचे सत्त्व किंवा घुसळलेले दही सावकाश, एकसंध उतरते. म्हणून अण्णांचे पाणीदेखील पावडर घालून दाट केले जाई, आणि ते पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत ते सांगण्यासारखे नाहीत. ताकभातही बंद झाला, कारण शिते तोंडात असतानाच ताक पुढे निसटते. चुरमुऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. दर घोटानंतर बाई त्यांना "आ" म्हणायला लावत. आवाज कोरडा आला तर ठीक. गुळण्या केल्यासारखा ओला आला तर पाणी स्वरतंतूंवर रेंगाळले आहे असे समजायचे. ठसका ही खरे तर आपली राखण असते, असे त्या सांगत. ठसका न लागताच अन्न फुप्फुसात उतरत राहिले, तर दोन दिवसांनी ताप येतो आणि न्यूमोनिया झाल्याचे तेव्हा कळते.

खरी लढाई झाली ती तांब्यावरून. अण्णा जन्मभर मान मागे टाकून वरून पाणी पीत आले होते, भांडे ओठाला लावणे त्यांना उष्ट्यात जमा होते. त्यांच्यासाठी आता हनुवटी छातीकडे झुकवून, छोट्या चमच्याने, एकेक घोट घ्यायचा, असे ठरले. "म्हणजे मांजरासारखं," असे अण्णा कष्टाने पण स्पष्ट म्हणाले. तरीही आठ आठवडे त्यांनी निमूटपणे हे केले. नळी निघाली, पावडर सुटली आणि एका सकाळी त्यांनी साधे पाणी पाच चमचे घेऊन खणखणीत "आ" म्हटले.

परवा रात्री जेवताना बोलण्याच्या नादात मलाच ठसका लागला. अशा वेळी पुढे वाकून मोकळेपणाने खोकावे, हे बाईंनी आम्हा दोघांनाही पुन्हा पुन्हा बजावले होते. अण्णांनी चमचा खाली ठेवला, डावा हात माझ्या टाळूपर्यंत कसाबसा पोहोचवला आणि म्हणाले, "वर बघ, वर बघ." मी वर बघितले.