काकूंची वही

आज दुपारी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंकडे बसले होते. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही. काल काकूंना ‘मुंबई पोलीस’ म्हणून व्हिडिओ कॉल आला, चार तास फोन ठेवू दिला नाही. ठेव मोडून 2 लाख 40 हजार गेले. त्या भामट्याचं नाव, ‘केस नंबर’, सगळं काकूंनी सुवाच्य अक्षरात वहीत लिहून ठेवलंय. शाळेत बाई होत्या ना. ती वही बघून मला भडभडून आलं.

“कुणाला सांगू नकोस ग, लोक नावं ठेवतील,” एवढंच म्हणत होत्या. रात्रभर गप्प राहिल्या, आणि तेच तास मोलाचे होते. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात. समोरच्या अक्कांनी फोन हातात घेतला, कन्नडमध्ये सगळं सांगितलं, बँकेच्या पावतीवरचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर वाचून दाखवला. तक्रार नोंदली गेली.

2025 मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात बीडी गावच्या वृद्ध जोडप्यानं अशाच छळापायी जीव दिला. त्यांच्याजवळ त्या दिवसांत कुणी बसायला हवं होतं, हे राहून राहून वाटतं.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असं काही कायद्यात नाहीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज रात्रीच सांगा. आणि कुणी फसलं असेल तर “तुला कळलं कसं नाही?” असं विचारू नका हो.

आज काकूंकडे झोपायला अक्का गेल्यात. उद्या सकाळी आम्ही तिघी ठाण्यात जाणार, वही घेऊन.