चिखलदरा वर्षभर: चार चकरा, चार वेगळी गावं

मागच्या बारा महिन्यांत चिखलदऱ्याला, आपल्या विदर्भातल्या थंड हवेच्या ठिकाणी, चारदा जाऊन आलो. ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी आणि मे. बायको म्हणते आता तिथंच प्लॉट घेऊन टाका. झालं असं की पहिल्यांदा आम्ही पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्टीत गेलो, अर्धं नागपूर आणि उरलेली अमरावती तिथंच हजर, आणि धुक्यापायी समोरच्या गाडीचे लाल दिवे सोडून दोन दिवसांत जवळजवळ काहीच दिसलं नाही. देवी पॉइंटला पोरगा विचारते, बाबा दरी कुठाय? म्हटलं समोरच आहे बाप्पा, पाय पुढे टाकू नको फक्त. हॉटेलवाल्यानं ओल आलेल्या खोलीचे जे पैसे घेतले त्यात नोव्हेंबरमध्ये पुढच्या ट्रिपचं राहणं-खाणं सगळं झालं, तेही दुसऱ्या हॉटेलात.

आधी रस्ता सांगतो. नागपूरहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर, कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत अमरावती, तिथून परतवाडा आणि मग घाट. चहा-नाश्ता धरून पाच तास पकडा, पहाटे पाचला निघालात तर दहाला वर. परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरा घटांगवरून. धामणगाव गढीचा जवळचा, पण वळणं जास्त, ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट भरून निघू नये. घटांगचा जंगलातून जाते, थोडा लांब पण मला तोच आवडला. गर्दीच्या दिवसात एका रस्त्यानं वर आणि दुसऱ्यानं खाली असं करतात, आम्हाला परत येताना घटांगकडूनच सोडलं, तर मॅपवाल्या बाईचं ऐकून वाद घालू नका. टाकी परतवाड्यातच फुल करा आणि कॅश तिथंच काढून ठेवा, वर नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंटही गेलं. गाडी नसेल तर गणेशपेठवरून एसटीनं परतवाडा गाठा, पुढची बस तिथून मिळते, पण वर गेल्यावर पॉइंट एकमेकांपासून लांब आहेत, जीप ठरवावी लागते.

आता पावसाळ्याची बाजूही सांगतो, नाही तर म्हणाल भाऊ नुसता रडते. भीमकुंडाचा धबधबा जुलै-ऑगस्टमध्येच पाहावा. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि इथं हात धुतले म्हणतात, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. धुकं पाच मिनिटं फाटलं तेव्हा धबधबा दिसला आणि आम्ही भिजलेलं भुट्टं हातात घेऊन नुसते उभे. पण जायचं तर मंगळवार-बुधवारी जा, शनिवार-रविवारी घाटात क्लच जाळायला जाऊ नका.

माझा आवडता महिना नोव्हेंबर. सगळं अजून हिरवं, हवा धुतलेली, आणि गाविलगडचा किल्ला पायी फिरता येते. पावसाळ्यात तो धुक्यात आणि वाढलेल्या गवतात असते, उन्हाळ्यात तापते. किल्ल्याला निदान तीन-चार तास द्या, पाणी आणि खायचं खालूनच घ्या, आत काही मिळत नाही, पायात बूट असू द्या आणि संध्याकाळच्या आत बाहेर या, आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे. शार्दूल दरवाजावरची शिल्पं घाईत सोडू नका.

नागपूरकरानं हा किल्ला पाहिलाच पाहिजे, कारण तो आपल्या भोसल्यांचा होता. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, तो इथं आला. इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडून आणल्या, बाहेरची तटबंदी फोडली, पण आतल्या आणि बाहेरच्या किल्ल्याच्या मध्ये घळ आहे, तिथं अडकले, शेवटी शिड्या लावून आतल्या भिंतीवर चढले. ही घळ जागेवर उभं राहून पाहिली की मगच कळते की काय झालं असेल. 15 डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह, कटक गेलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. सकाळी वर्धा नदीच्या पुलावरून आम्ही गाणी लावून, चिवडा खात आलो होतो, परत जाताना त्याच पुलावर जरा शांत बसलो.

जानेवारीत थंडी खरी. सकाळी गाडीच्या काचेवर दव असं की पुसायला टॉवेल लागला. हॉटेलची रजई पुरत नाही, स्वतःची चादर न्या, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत ते आदल्या रात्रीच विचारा. कॉफीची झाडं पाहायची तर हाच सीझन, मोठ्या झाडांच्या सावलीत झुडपं, त्याला लाल फळं. गवळ्यांकडची रबडी आणि खवा घ्या. चहाच्या टपरीवर दोन म्हाताऱ्या कोरकूत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या भाषेत, गप्पा मारत होत्या, एक शब्द कळला नाही, आपल्या मराठीशी त्या भाषेचं नातंच नाही. उतरताना बहिरमची जत्रा चालू असली तर गाडी तिकडे वळवा, हंडीतलं मटण आणि रोडगे. डाएटवाल्यांनी गाडीत बसून राहावं.

मे महिन्याबद्दल मात्र खरं सांगतो. नागपूर तीनशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे आठशे मीटरचा फरक, त्यात पाच-एक डिग्री कमी होतात, बस. इथं पंचेचाळीस असेल तर तिथं चाळीसच्या आसपास. दुपारी खोलीत पडून राहावं लागते. भीमकुंड कोरडं, पाण्याची टंचाई, आमच्या हॉटेलात बादली मोजून मिळत होती. पण सहा वाजले की जो वारा सुटते, आणि रात्री कूलरशिवाय झोप लागते न, मे महिन्यात नागपूरच्या माणसाला अजून काय पाहिजे!

सफारीचं मेळघाटातल्या सेमाडोह किंवा कोलकासला बघायचं असेल तर बुकिंग आधी करा आणि पावसाळ्यात कोअरचं जंगल बंद असते हे लक्षात ठेवा. वाघ दिसेल या आशेनं जाऊ नका, त्यासाठी आपलं ताडोबा बरं. आम्हाला चार ट्रिपमध्ये एक गवा, दोन भेकरं आणि पंचबोल पॉइंटला दरीत एकाच वेळी ओरडणारे सतरा जण दिसले. पाच वेळा आवाज परत येते म्हणतात, त्या गोंधळात मोजणार कोण? सकाळी सातला जा, तेव्हा पॉइंटवर कोणी नसते, पोरानं स्वतःचं नाव घेऊन मोजलं, त्याच्या म्हणण्यानुसार चार.