रात्रभर डूम
काल मुंबईत डूम मेटलचा, म्हणजे संथ, जड, उदास रॉक संगीताचा शो बघितला आणि आज पहाटे रत्नागिरी स्टेशनला उतरलो. कान अजून वाजतायत! स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभा होतो. गिटारचा एक सूर गेला की दुसरा येईपर्यंत श्वास धरून राहायचं. बेस तर शर्टाच्या बटणांत थरथरत होता. शिमग्यात पालखीपुढचा ढोल छातीत वाजतो ना, तस्साच. हे डूम ज्या ब्लॅक सॅबथ बँडपासून सुरू झालं, त्याचा गिटारिस्ट टोनी आयोमी. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या बोटांची टोकं गेली, पुढे त्याने गिटारच्या तारा सैल लावल्या आणि बँडचा आवाज आणखी जड झाला. किती जिद्द म्हणायची ही!

आई म्हणाली, "एवढं रडकं कसं रे आवडतं तुला?" मला ते रडकं वाटतच नाही. दुःखाला घाई न करणारं संगीत आहे हे.

आपल्या कोकणात कुणी डूम, गॉथिक ऐकत असेल तर मेसेज करा. पुढच्या शोला एकत्र जाऊ.