राउटरचा अ‍ॅडॉप्टर गिटारला

बारामतीचा कार्यक्रम संपला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. झोपेत वायरी गुंडाळल्या आणि गिटारचा आवाज बिनतारी पकडणाऱ्या वायरलेस रिसीव्हरचा अ‍ॅडॉप्टर तिथल्याच एक्स्टेन्शन बोर्डावर राहिला. हे कळलं तिसऱ्या दिवशी, घरी पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी, उघडल्यावर. गिटारला लावायचा ट्रान्समीटर सेलवर चालतो, त्याचं काही अडलं नव्हतं. रिसीव्हर मात्र मुका.

टीव्हीखालच्या खणात सहा अनाथ अ‍ॅडॉप्टर निघाले. त्यातला एक जुन्या वायफाय राउटरचा, ९ व्होल्टचा, आणि पिन रिसीव्हरमध्ये अगदी चपखल. नवरा म्हणाला, "९ म्हणजे ९. लाव की." बटण दाबण्याआधी चष्मा घालून दोन्हींवरची ती बारीक आकृती पाहिली: मध्ये ठिपका, भोवती अर्धं कडं, एका टोकाला अधिक, दुसऱ्याला उणे. राउटरची पिन आतून अधिक. माझ्या रिसीव्हरला आतून उणे हवं होतं. लावला असता तर आत उलटा प्रवाह अडवणारा संरक्षणाचा डायोड असल्यास निभावलं असतं, नसल्यास राम म्हटला असता.

पेडलवाल्यांचं हे उलटं खूळ कशाला, असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. कारण बॅटरीत आहे. अ‍ॅडॉप्टर खुपसला की पेडलमधली बॅटरी आपोआप सुटावी लागते, आणि ते काम सॉकेटमधली बाहेरची पट्टी करते. बॅटरीची उणे बाजू गिटारची केबल लावली-काढली की जोडली-तुटली जाते. मग अधिक बाजूला उरली ती बाहेरची पट्टी, म्हणून अधिक बाहेर आणि उणे आत. रिसीव्हर पेडलबोर्डावर बसतो, म्हणून त्यानेही तीच रीत उचलली.

शनिवारी मल्टिमीटर पर्समध्ये टाकून पुण्याच्या बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाजवळ. पहिल्या दुकानदाराने जड काळा ठोकळा काढला. ३ ते १२ व्होल्टचं बटण, पिन उलटीसुलटी करता येणारी. "मॅडम, यावर सगळं चालतं." ९ वर ठेवून मोजलं तर मीटर १३ च्या वर. आत नुसता ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. भार नसला की व्होल्टेज असंच चढतं. शिवाय अशा ठोकळ्याची १०० हर्ट्झची घरघर गिटारच्या आवाजात उतरू शकते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या परद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे घरघर त्याच्या शेजारीच, जरा बेसुरी. त्यापेक्षा जनरेटर बरा.

दुसऱ्या दुकानातला मुलगा कामाचा निघाला. रिसीव्हरवर ३०० मिलीअँपिअर छापलंय आणि तू १ अँपिअरचा देतोयस, असं मी मुद्दाम म्हणून पाहिलं. तो हसला. "व्होल्ट आपण ढकलतो, अँपिअर मशीन ओढतं." पाचशेचाही चालला असता, पण एकचा घेतला, गरम कमी होईल म्हणून. रेग्युलेटेड, स्विचिंगचा. याचीही पिन आतून अधिकच होती. त्याने ती कापली, वायरी अदलाबदल करून नवी पिन डाखली आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. सगळे मिळून २८० रुपये. लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर धरलं तर मीटरवर उणे ९.१. त्या उण्याचा इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

घरी येऊन हावरटपणा केला. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून फाटे काढून रिसीव्हरबरोबर डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पेडलही चालवलं. गिटार बंद असतानाही डासासारखी बारीक शिट्टी. डिजिटल रिसीव्हरच्या आतल्या सर्किटची खरखर त्याच वायरीतून पेडलपर्यंत येते आणि डिस्टॉर्शन तिला मोठं करतं. पेडलला पुन्हा त्याचा जुना अ‍ॅडॉप्टर दिला, शिट्टी गेली.

आता नव्या अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने भलंमोठं उणे काढलंय. राउटरचा तो अ‍ॅडॉप्टर नवऱ्याच्या कपाटात गेलाय, कुलपात.