टंगस्टन-तांब्याचा सांधा आणि सरकारी अनुदान : बेळगावातून केलेला फ्यूजनचा प्रकल्प

फ्यूजनसाठी, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या कामासाठी, सरकारी अनुदान मागायचं तर आधी प्रश्न लहान करावा लागतो. टोकामॅक, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र, बांधायचं काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचं, म्हणजे आयपीआरचं. तिथे 'आदित्य' हे टोकामॅक १९८९ पासून आहे. बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजने त्या यंत्रातला एखादाच भाग उचलावा आणि तो असा असावा की ज्याला लागणारं कसब आपल्या गावात आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या पट्ट्यात फाउंड्री, सीएनसी, ग्राइंडिंग, वायर-कट (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं) सगळं हाताशी आहे. म्हणून आम्ही निवडला तो टंगस्टनची टाइल आणि तिच्यामागचं पाण्याने थंड होणारं तांबं यांच्यातला सांधा.

हा सांधा अवघड का, ते प्रपोजलमध्ये आकड्यांतच मांडावं लागतं. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या डायव्हर्टरवर, म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता झेलणाऱ्या तळाच्या भागावर, दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता सतत पडणार, थोड्या वेळासाठी २० पर्यंत. एवढी झळ सोसायला टंगस्टन लागतं, कारण ते ३४२२ अंशांना वितळतं. उष्णता पाण्यात उतरवायला मात्र तांब्याचा मिश्रधातू लागतो, त्यात थोडं क्रोमियम आणि झिर्कोनियम असतं. टंगस्टन तापल्यावर अंशामागे दशलक्षात साधारण साडेचार भाग वाढतं, तांबं सतरा. ९५० अंशांना जोडलेला तुकडा थंड झाला की दोघांच्या आकुंचनात एक टक्क्याहून जास्त फरक पडतो. २० मिलिमीटरच्या टाइलवर तो जवळपास पाव मिलिमीटर भरतो. टंगस्टन थंडपणी ठिसूळ असल्याने ते वाकत नाही, कोपऱ्यातून तडकतं. मधे दीड-दोन मिलिमीटर शुद्ध मऊ तांब्याचा थर घातला तर तो हा ताण बराचसा पोटात घेतो. या थराची जाडी आणि ब्रेझिंगनंतरची (मधे दुसरा धातू वितळवून दोन तुकडे जोडल्यानंतरची) थंड करण्याची गती, एवढ्याच दोन गोष्टी आम्ही अभ्यासाला घेतल्या. पहिल्या मसुद्यात सात होत्या. त्या कमी केल्या म्हणूनच प्रकल्प तीन वर्षांत बसला.

अर्ज कुठे करायचा याचे पर्याय मोजके आहेत. अणुऊर्जा विभागाचं बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लिअर सायन्सेस, म्हणजे बीआरएनएस, बाहेरच्या कॉलेज-विद्यापीठांना प्रकल्प देतं. २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही आहे, संशोधनाला निधी देणारं केंद्राचं जुनं एसईआरबी आता त्यातच सामावलं. कर्नाटक सरकारचा व्हिजन ग्रुप ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजी उपकरणांसाठी मदत करतो. सीमाभागातले बरेच जण महाराष्ट्राच्या राज्य योजनांची चौकशी करतात. तिथे संस्थेचा पत्ता बघतात, अर्जदाराची भाषा नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नये. उलट केंद्राच्या प्रकल्पात फेलो, म्हणजे विद्यावेतनावरचा संशोधक, कुठल्या राज्यातला हा प्रश्न येत नाही. चंदगड किंवा गडहिंग्लजची मुलगी बेळगावच्या प्रकल्पात निर्धास्त अर्ज करू शकते. जाहिरात कोल्हापूरकडेही पोचवावी.

आम्ही बीआरएनएसकडे गेलो. तिथे कॉलेजचा मुख्य संशोधक आणि अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतला एक प्रिन्सिपल कोलॅबोरेटर, म्हणजे तिथला मुख्य सहकारी, अशी जोडी लागते. हे नाव प्रपोजल लिहून झाल्यावर शोधायचं नसतं. आयपीआरमध्ये २०० किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन बीमवर असे तुकडे तापवून बघायची सोय आहे. आपला तुकडा तिथल्या टेबलावर बसेल का, पाण्याचा नळ कुठल्या बाजूने जोडायचा, व्हॅक्यूममध्ये कुठलं गॅस्केट चालतं, हे तिथल्या माणसाशी बोलूनच ठरतं. पहिल्या ई-मेलला एक पानी चित्र जोडावं: मापं, वजन, पाण्याच्या जोडणीचा आकार, किती तुकडे, तापवण्या-निवण्याची किती चक्रं. 'फ्यूजनमध्ये काम करण्याची इच्छा आहे' एवढ्यावर उत्तर येत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. चित्र पाठवलं तेव्हा आठवड्याभरात प्रश्न सुरू झाले.

प्रपोजलमध्ये सूर्य, हायड्रोजन, भविष्याची वीज यावर चार पानं लिहिण्याचा मोह होतो. वाचणारे लोक आयुष्यभर तेच काम करत आलेले असतात. आम्ही ते अर्ध्या पानावर आणलं आणि सुटलेली जागा प्रयोगाच्या तपशिलाला दिली. तरी दोन ठिकाणी अडलो, ती सांगण्यासारखी आहेत.

पहिलं ठिकाण ब्रेझिंगच्या पत्तीचं, म्हणजे सांध्यात ठेवून वितळवायच्या धातूच्या पातळ पट्टीचं. इथल्या कुठल्याही जाणत्या ब्रेझिंगवाल्याला विचारलं तर तो चांदीची पत्ती सुचवेल आणि रोजच्या कामाला ती उत्तमच. फ्यूजनमध्ये ती बाद. न्यूट्रॉनच्या माऱ्यात चांदीचं कॅडमियम होतं आणि कॅडमियम व्हॅक्यूममध्ये वाफ होऊन उडतं. जस्त असलेल्या पत्त्याही याच उडण्यामुळे नकोत. सोन्याच्या पत्तीत तर पारा तयार होतो. आमच्या मसुद्यात चांदीची पत्ती होती. कोलॅबोरेटरने ती पाहिली म्हणून निभावलं, नाहीतर समितीसमोर पहिल्याच मिनिटाला विषय संपला असता. बदलून निकेल-तांबं-मँगनीजची पत्ती लिहिली.

दुसरं ठिकाण उष्णता मोजण्याचं. प्रेझेंटेशनच्या वेळी सरळ प्रश्न आला: टाइलवर चौरस मीटरला १० मेगावॅट पडले हे कशावरून सांगणार? बीमच्या वीजमापकाचा आकडा इथे चालत नाही, कारण टंगस्टन आपल्यावर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा बराच मोठा भाग परत फेकतं. शोषलेली उष्णता पाण्यावरून मोजायची. आमच्या तुकड्यावर २० बाय २० मिलिमीटरच्या तीन टाइल होत्या, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. १० मेगावॅटच्या हिशेबाने १२ किलोवॅट पाण्यात उतरायला हवेत. मिनिटाला २० लिटर पाणी सोडलं तर ते साडेआठ अंशांच्या आसपास तापतं. साध्या थर्मोकपल तापमापकात एका अंशाची चूक सहज असते, म्हणजे निकालात बारा टक्क्यांची चूक. म्हणून आत-बाहेर दोन्हीकडे जुळवून घेतलेले प्लॅटिनमचे आरटीडी, म्हणजे जास्त अचूक तापमापक, लावायचं लिहिलं होतं. हा हिशेब पाठ नव्हता, प्रपोजलमध्येच होता, त्यामुळे पान दाखवता आलं.

बजेटमध्ये मनुष्यबळाचा आकडा सगळ्यात आधी पक्का करावा, कारण तो आपल्या हातात नसतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलोला) ४२,००० रुपये आहेत. दोन वर्षं जेआरएफ, एक वर्ष एसआरएफ धरलं की १३ लाख ९२ हजार होतात, वर घरभाडे भत्ता. जुन्या मंजूर प्रपोजलची नक्कल करणाऱ्यांची फसगत जीएसटीत होते. संशोधन उपकरणांवरचा पाच टक्क्यांचा सवलतीचा दर १८ जुलै २०२२ पासून गेला, आता बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागतात. दहा लाखांच्या खरेदीत हा फरक एक लाख तीस हजारांचा आहे आणि मंजूर रकमेत तो नंतर कुणी वाढवून देत नाही.

व्हॅक्यूम फर्नेस आम्ही मागितलीच नाही. तीन वर्षांत पन्नास वेळाही न पेटणारी भट्टी विकत घेण्यापेक्षा जॉबवर्कचं, म्हणजे पैसे देऊन बाहेरून काम करून घेण्याचं, कलम घालावं. मायक्रोस्कोपसाठीही तेच केलं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पैसे भरून सॅम्पल बघता येतात.

मंजुरीचं पत्र आलं आणि पैसे मात्र अडकले. कारण होतं गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. ट्रस्टच्या पॅनवर जुनं इंग्रजी स्पेलिंग, बँकेच्या खात्यावर नवं, कॉलेजच्या शिक्क्यावर तिसरंच. पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राचे पैसे ज्यातून येतात त्या सरकारी पोर्टलवर, नोंद करताना खातेदाराचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. शिवाय अर्ज कॉलेजच्या नावाने आणि पॅन ट्रस्टच्या नावाने, हा दुसरा घोळ. यात दोन महिने गेले. आपल्या भागातल्या प्रत्येक संस्थेने ही कागदपत्रं अर्जाच्या आधीच एका टेबलावर पसरून बघावीत: पॅन, खातं, ट्रस्टची नोंदणी, विद्यापीठाची संलग्नता. प्रकल्पासाठी वेगळं खातंही तेव्हाच उघडावं.

खरेदीत सीमेचा एक बारीक भाग येतो. उद्यमबागेतल्या बिलावर केंद्र आणि राज्य असा नऊ-नऊ टक्के कर असतो, महाराष्ट्रातल्या, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या बिलावर अठरा टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर. एकूण सारखंच, पण तुलनातक्ता करताना मूळ किंमत आणि कर वेगळ्या रकान्यात लिहिले नाहीत तर ऑडिटर परत पाठवतो. टंगस्टनचं वजनही आधी काढून ठेवावं. घनता १९.२५, तेव्हा २० बाय २० बाय ५ मिलिमीटरची एक टाइल साडेअडतीस ग्रॅमची. चाळीस टाइलचं वजन दीड किलोच्या थोडं वर जातं, पण कापणीची घट आणि तडकलेले तुकडे धरून आम्ही अडीच किलो मागितलं. पुरलं, पण जेमतेम. वायर-कटने कापलेल्या कडेवर वितळून गोठलेला पातळ थर राहतो आणि त्यात केसासारख्या भेगा असतात. पहिल्या खेपेच्या टाइल तशाच ब्रेझिंगला पाठवल्या आणि त्यातल्या बऱ्याच कडेपासून उकलल्या. नंतर प्रत्येक कड ग्राइंडरवर उतरवून, पॉलिश करून, भिंगाखाली बघूनच पुढे पाठवली.

थंड करण्याच्या गतीनेही एक खेप खाल्ली. भट्टी आपोआप हळूहळू निवू दिली तर क्रोमियम-झिर्कोनियम तांब्यातून आधीच बाहेर पडून जाडे कण होतात आणि मिश्रधातू मऊ पडतो. मिनिटाला किमान ६० अंश तरी उतरायला हवेत, म्हणजे भट्टीत वायू सोडून जलद थंड करण्याची सोय हवी, त्यानंतर ४७५ अंशांना दोन-तीन तास मुरवणं. जॉबवर्कच्या ऑर्डरमध्ये आम्ही फक्त वरचं तापमान आणि वेळ लिहिली होती. पुढच्या ऑर्डरमध्ये थंड होण्याचा आलेखही बिलासोबत मागितला. तो आला नाही तर पैसे नाहीत, असं ऑर्डरवरच छापलं.

वर्षअखेरीला जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, सोबत खर्चाचा तक्ता. उपकरणं एका रकान्यात, आवर्ती खर्च दुसऱ्यात. एकातले पैसे परवानगीशिवाय दुसऱ्यात वळवता येत नाहीत. दिलेली ऑर्डर म्हणजे खर्च नव्हे. माल आला, बिल चुकतं झालं तरच तो ३१ मार्चच्या आतला खर्च. परदेशातून यायची पत्ती मार्चमध्ये मागवणं म्हणूनच चुकीचं, ती ऑक्टोबरलाच मागवावी. खात्यावर साठलेलं व्याज आपलं नसतं, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारला परत भरून त्याची पावती प्रमाणपत्राला जोडावी लागते. आमची एका वर्षाची पावती सातशे-आठशे रुपयांची होती. ती जोडायची राहिली आणि तेवढ्यासाठी पुढचा हप्ता थांबला. तेव्हापासून फाइलच्या पहिल्याच पानावर व्याजाच्या पावत्या लावलेल्या असतात, मंजुरीच्या पत्राच्याही वर.