सायकलसह विमानप्रवास: काउंटरवर कामी आलेला कागद

सायकल विमानाने न्यायची म्हटलं की लोक आधी खोका शोधतात. मी आधी नियम वाचत बसलो. बऱ्याच कंपन्यांत नेहमीच्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो. माझा खोका २३३ सेंटिमीटर भरला. मग हे ‘जादा आकाराचं सामान’ की ‘क्रीडासाहित्य’? सगळा पैसा इथे ठरतो. काही कंपन्या सायकल नेहमीच्या बॅगेतच धरतात, काही ठरावीक शुल्क घेतात, तर काही आकाराचे आणि वजनाचे पैसे वेगवेगळे लावतात. ३२ किलोंवरचा नग बहुतेक घेतच नाहीत. तो उचलणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न आहे, त्यामुळे तक्रार नाही.

माझं तिकीट एकच, पण विमानं दोन कंपन्यांची. फोनवर एकीने सांगितलं, ‘चालेल.’ दुसरी म्हणाली, ‘काउंटरवर बघतील.’ मी ईमेल टाकला: मापं, वजन, तिकीट क्रमांक आणि एकच प्रश्न, शेवटपर्यंत नियम कुणाचा लागणार? उत्तर यायला वेळ लागला, पण बुकिंगमध्ये सायकलची नोंद झाली. लहान विमानात सामानाची जागा बेताचीच असते, त्यामुळे ही नोंद हवीच.

बांधाबांधीत पॅडलने घाम काढला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याच्या) पायांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवला, ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली, डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, सोडवून फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांधला. टायरची हवाही कमी केली. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, टायर सहसा फुटत नाही. पण काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ नये. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या घरीच ठेवल्या. (इ-सायकलवाल्यांनी तर आधी बॅटरी बघावी: १६० वॉट-तासांच्या वरची प्रवाशाला सामानात नेता येत नाही, आणि इ-सायकलची बहुधा त्याहून बरीच मोठी असते.)

काउंटरवरच्या बाईंनी खोक्याला मोजपट्टी लावली आणि जादा आकाराचं शुल्क सांगितलं. मी ईमेलची छापील प्रत पुढे केली. वरिष्ठ आले, स्क्रीनवर नोंद सापडली, आकडा निम्म्याच्या खाली आला. सुरक्षा तपासणीत खोका उघडलाच. चिकटपट्टीचा रोल हाताशी होता म्हणून निभावलं.

उतरल्यावर खोक्याचा कोपरा फाटलेला दिसला. तिथेच उघडला. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकला होता. फोटो काढले, बाहेर पडण्याआधी बॅगेज काउंटरवर नुकसानीचा अहवाल लिहून घेतला. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत द्यावी लागते, म्हणून अहवालावर न थांबता ईमेलही केला. हँगरचे पैसे मिळाले. खोक्याचे नाहीत, पॅकिंग ही प्रवाशाची जबाबदारी म्हणे.