अळीपीठ अपडेट: बॅच ७ पाण्यात टिकली!

तिलापिया माशांसाठी मी वाळलेल्या अळ्यांच्या पिठाचं खाद्य स्वतः बनवतोय. त्याचा काल रात्री ग्लासातल्या पाण्यात टाकलेला पेलेट (खाद्याची गोळी) ३० मिनिटांनंतरही अख्खा होता. मी टॉर्च मारून चार वेळा बघितलं. दाबल्यावर मऊ लागतो पण आकार सोडत नाही. बॅच ४ चा सात मिनिटांत कसा भुगा झाला होता ते मागच्या वेळी लिहिलंच होतं, त्यामुळे आज किती बरं वाटतंय ते तुम्हाला कळेल.

महिनाभर मी बाइंडरच्याच, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या घटकाच्याच, मागे होतो. ग्लुटेन ५ टक्क्यांवरून १० वर नेलं, मग जिलेटिन घातलं, पीठ अजून बारीक दळलं, फरक शून्य. टाकीत नुसता चुरा, फिल्टर तुंबलेला, एकदा तर अमोनिया १ पीपीएमला गेला, मग दोन दिवस खाणं बंद आणि अर्धं पाणी बदललं. तिलापियांना चव आवडतेय, झडप घालून खातात, पण अर्धा माल तोंडात जायच्या आधीच विरघळतो, हे बघवत नव्हतं.

शेवटी चिमूटभर पीठ कागदावर दाबलं तर मोठा तेलकट डाग. बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय माशीच्या) अळीत कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के फॅट असतं, कधी त्याहूनही जास्त. ते स्टार्चच्या कणांवर बसलं की पाणी आत शिरत नाही, स्टार्च नीट शिजत नाही, मग पकडणार काय? म्हणजे बाइंडर कमी नव्हताच, त्याला काम करायला जागाच मिळत नव्हती.

मग तेल काढायला प्रेस. गार अळीतून काहीच निघेना, कारण या फॅटमध्ये लॉरिक अ‍ॅसिड भरपूर, खोबरेल थंडीत गोठतं तसंच ते घट्ट बसतं. वाळलेल्या अळ्यांची भरड ६० अंशांपर्यंत गरम करून कापडात बांधून दाबली तेव्हा ५०० ग्रॅममधून ९० ग्रॅम तेल आलं, परत गरम करून दाबल्यावर आणखी २०. टॅपिओका स्टार्चही आता कच्चा घालत नाही, आधी उकळत्या पाण्यात खळ करून घेतो, आणि शेवया पाडल्यावर २० मिनिटं वाफवून मग वाळवतो.

सध्याचं मिश्रण, टक्क्यांत: अळीपीठ ३०, सोयापेंड ३५, गव्हाचं पीठ २०, टॅपिओका ८, फिशमील (माशांचं पीठ) ५, व्हिटॅमिन-मिनरल २. फिशमील २० वरून ५ वर आलंय!! प्रोटीन हिशेबाने ३४-३५ टक्के. सोयात मेथिओनिन (एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी म्हणून फिशमील एकदम शून्यावर नेत नाहीये.

तयार 'डिफॅटेड' (तेल काढलेलं) अळीपीठ घेणाऱ्यांनी आधी कागदावर दाबून बघा. मी एका विक्रेत्याकडून घेतलेल्याचा डाग माझ्या न पिळलेल्या पिठाइतकाच होता. पाकिटावर ५५ टक्के प्रोटीन, पण ते नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढलेलं, आणि अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतोच. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अख्ख्या अळीसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक सुचवलाय, त्याने ते ४२ च्या आसपास येतं. त्यापेक्षा स्वतः वाढवलेल्या अळ्या बऱ्या, फक्त काळ्या पडायच्या आत, पांढुरक्या असतानाच काढा, नंतर कायटिन वाढतं.

बॅच ८ मध्ये डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) घालणार होतो आणि निघालेल्या तेलाचा साबण करणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, फीड मिलवाले तेल पेलेट वाळल्यावर बाहेरून लावतात, मग मीही तेच का करू नये? पकड बिघडणार नाही आणि ऊर्जाही वाया जाणार नाही. तर डकवीड पुढे ढकललं, साबण रद्द. बॅच ८ म्हणजे बॅच ७ च, वरून ४ टक्के तेल. कोमट करून डब्यात घोळवायचं की स्प्रे करायचं, हे अजून ठरत नाहीये. स्प्रेच्या नळीत ते गोठेल असं वाटतंय. कोणी करून बघितलं असेल तर सांगा, रविवारी वाळवण तयार होईल.